घर घेण्यापूर्वी



आपली पोरं शहरात कामाला जातात. तिथं घर घ्यावं, असं त्यांना वाटतं. त्यात वावगं काही नाही. पण जागा पारखून घ्या.

आपली इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते. मावळातून वाहत ती पुढे चिखलीला जाते. चिखली पिंपरी-चिंचवड शहरात आहे. तिथं नदीकाठी लोकांनी बंगले बांधले. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो, ती निळी पूररेषा. हे बंगले तिच्या आत होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथंही दाद मिळाली नाही. मे २०२५ मध्ये महापालिकेने ३६ बंगले पाडले. कष्टाचा पैसा मातीत गेला.

म्हणून जागा भर पावसाळ्यात पाहा. शेजाऱ्यांना विचारा, पाणी कुठवर येतं? महापालिकेत किंवा नगरपरिषदेत जाऊन पूररेषेचा नकाशा मागा. सातबारा स्वतः वाचा. मालक कोण आहे? ‘इतर हक्क’ या रकान्यात कर्जाचा बोजा आहे का? ते पाहा. मगच विसार द्या.

आता आपला अंगठा गेला, सही आली. पण वाचल्याशिवाय सही करू नका.