एका धर्मग्रामांतील अनेक बोली



रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जेथें समुद्रास मिळते, तेथें कोर्लई गांव आहे. चौलचा पोर्तुगीज अंमल १७४० सालीं संपला. परंतु कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीज व मराठी मिसळून झालेली बोली आजही ऐकूं येते. तिला ते ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात.

ह्या मुलखास भेद नवा नाहीं. तेल गाळणारे बेने इस्रायल शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनीं त्यांस ‘शनवार तेली’ म्हटलें. तेल मात्र सर्वांच्याच दिव्यांत जळलें.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा लॅटिन सोडून लोकभाषांत होऊं लागली. पण वाचनाचा मान शुद्ध उच्चाराच्या चार घरांकडेच राहिला, तर कातकरी बंधूस व कोर्लईच्या आजीस मराठीही लॅटिनच वाटेल. सबब आम्ही सुचवितों कीं, ज्युबिलीच्या मिस्सेंत प्रत्येकानें एक विनवणी आपल्या घरच्या बोलींत करावी. हिशेब मात्र सर्वांस कळेल अशा सोप्या मराठींतच वाचावा. कारण तंटे बोलीवरून थोडे, पैशावरून फार होतात.