बेदरचा बादशहा कोणाचा?

(गणेशोत्सवातील भाषणाचा मजकूर)



सहल म्हटली की आपण कलबुर्गीकर रायगड-पन्हाळ्याचे बेत करतो. घराजवळचा किल्ला मात्र मुलांना बसच्या खिडकीतूनच ठाऊक. म्हणून यंदा होळीच्या सुट्टीत मंडळातल्या काही कुटुंबांनी ठरवले, कलबुर्गीपासून उदगीरपर्यंत आपलाच मुलूख पाहायचा.

सुरुवात आपल्याच गावच्या किल्ल्यापासून केली. १३४७ साली बहमनी राज्य उभे राहिले आणि त्याची राजधानी इथे आली. किल्ल्यातली जामा मशीद १३६७ ची. मशिदीत सहसा मोकळे अंगण असते. इथे सगळी इमारत घुमटांखाली झाकलेली. बाहेर ऊन तापले होते, आत कमानीमागे कमान आणि गारवा. मुले हळू आवाजात बोलू लागली.

पुढे अहमदशहाने राजधानी बीदरला नेली. आपली जुनी माणसे त्याला अजून बेदरच म्हणतात. वाटेत पळस फुलले होते. तिथला किल्ला तांबड्या जांभ्याचा, खंदक खडकात खोदलेला, एका बाजूला तर तिहेरी. १६५७ च्या मार्चमध्ये औरंगजेबाला तो घ्यायला २७ दिवस लागले. रंगीन महालात काळ्या दगडात जडवलेले शिंपल्याचे काम पाहिले आणि सावलीत शिदोऱ्या सोडल्या.

तिथे आमच्यातल्या एका आजींनी दामाजीपंतांची गोष्ट सांगितली. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, पंतांनी सरकारी कोठारे लोकांना खुली केली, बेदरच्या बादशहाने त्यांना बोलावणे धाडले आणि पंढरीचा विठोबा विठू महार होऊन धान्याचे पैसे भरायला दरबारात आला. एका मुलाने विचारले, "आजी, दामाजीपंत आपले. मग बादशहा कोणाचा?"

त्या वेळी कोणालाच नीट उत्तर देता आले नाही. दुपारी अष्टूरला गेलो. अहमदशहाच्या घुमटात आतून रंगीत नक्षी आणि सोनेरी अक्षरे आहेत. या सुलतानाला मुसलमान वली मानतात, तर अनेक लिंगायत त्याला अल्लमप्रभूंचे रूप समजतात. होळीच्या सुमारास भरणाऱ्या त्याच्या उरुसात जंगमाला मान असतो. मुलाला म्हटले, "बघ बाबा, इथल्या लोकांनी तुझ्या प्रश्नाचे उत्तर कधीच देऊन ठेवले आहे."

दुसऱ्या दिवशी उदगीर. १९५६ पर्यंत हा तालुका बीदर जिल्ह्यातच होता. भाषावार प्रांतरचनेत तो महाराष्ट्रात गेला, आपण इकडे राहिलो. इथे ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवले. दौलताबाद, विजापूर, बऱ्हाणपूर असा मोठा मुलूख मराठ्यांना मिळाला. भाऊंच्या तोफखान्यावर इब्राहिमखान गारदी होता. मार्चमध्ये परतूरहून फौजा उत्तरेला निघाल्या. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. भाऊ आणि इब्राहिमखान, दोघेही परतले नाहीत. उदगीरच्या तटावर उभे राहून हे सांगताना आमचा आवाज जड झाला. विजय साजरा करून निघालेली माणसे याच उन्हातून गेली असतील, असे सारखे वाटत होते.

आपली मुले शाळेत कन्नड पुस्तकातून इतिहास शिकतात, घरी मराठीत गोष्टी ऐकतात. दोन्ही एकाच भूमीच्या आहेत, हे त्यांना तिथे नेऊन उभे केल्याशिवाय कळत नाही. आणि गोष्टी सांगणारे आजी-आजोबा दर वर्षी कमी होत आहेत.

तेव्हा येत्या फाल्गुनात पुन्हा जाऊ. पहाटे निघू, दहाच्या आत किल्ला पाहून घेऊ, कारण नंतर ऊन सोसवत नाही. पाणी बरोबर घ्या, आणि घरातल्या एका तरी वडीलधाऱ्या माणसाला आग्रहाने आणा.

गणपती बाप्पा मोरया!