न दिसणाऱ्या पायऱ्या
(कोल्हापूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



१९८४ साली नसीमा हुरजूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शहरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, तेव्हा अपंगांपुढचे अडथळे डोळ्यांना दिसत असत : कचेरीच्या पायऱ्या, अरुंद दार, चाकाची खुर्ची न मावणारे शौचालय. ते अजून संपलेले नाहीत. पण त्यांच्या जोडीला न दिसणाऱ्या पायऱ्या आल्या आहेत. दाखला, शिष्यवृत्ती, बँकेचे खाते, इतकेच काय, अपंगत्वाचे ओळखपत्रसुद्धा आज संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावरून मागावे लागते. सरकारी कागदांत ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ हा शब्द आला. शब्द बदलल्याने दार रुंद होत नाही. हे नवे दार खरोखर उघडे आहे काय, हे कोणी आणि कसे तपासायचे, हा आजचा प्रश्न आहे.

अंध व्यक्ती संगणक वापरते ती पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या साहाय्याने. ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांच्या कष्टातून उभी राहिलेली ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली विनामूल्य मिळते. म्हणजे साधनाची वाण नाही. परंतु शासननिर्णय कागदाचे छायाचित्र म्हणून चढवला, तर प्रणालीला त्यात अक्षर सापडत नाही. युनिकोडऐवजी जुन्या फाँटमध्ये जुळवलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो. कानांवर मात्र अर्थहीन अक्षरे पडतात. केवळ चित्रातला ‘कॅप्चा’ अंधाचा अर्ज तिथेच थांबवतो. कर्णबधिराला फक्त दूरध्वनीवर मिळणारी मदत निरुपयोगी असते.

कायदा आपल्या बाजूस आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सुगम सेवा हा हक्क मानला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्यात डिजिटल सेवा मिळणे हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. अ‍ॅसिडहल्ल्यात डोळे गमावलेल्यांना ओळख पटवण्यासाठी डोळ्यांची उघडझाप करायला सांगणारी व्यवस्था तेथे न्यायालयापुढे होती. अंध व्यक्तींना चाचणीत सहभागी करून घ्यावे, असेही न्यायालयाने बजावले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, कचेरी पडद्यावर गेली की सरकारचा खर्च वाचतो. पण तो नाहीसा होत नाही. सोबत येणाऱ्या भावाचा बुडालेला रोज, रिक्षाचे भाडे, केंद्रचालकाला दिलेले पैसे, आणि आपला सांकेतिक क्रमांक परक्याच्या हाती देण्याची नामुष्की, हा सारा भार अपंगाच्या घरावर पडतो. कोणत्याही ताळेबंदात तो दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार अपंग नोंदले गेले. पुढे २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, तेव्हा प्रत्यक्षात हा भार वाहणारे याहून अधिक असणार.

म्हणून मूल्यमापनाची कसोटी साधी हवी. चित्राला वर्णन जोडले आहे की नाही, हे यंत्र मोजू शकते. ते वर्णन उपयोगाचे आहे की नाही, हे यंत्राला सांगता येत नाही. अर्ज उघडण्यापासून पोच हाती पडेपर्यंतचे काम अंध, कर्णबधिर किंवा हात थरथरणारा नागरिक कोणाच्या मदतीवाचून पुरे करू शकतो काय, एवढेच पाहावे. तपासणारे स्वतः अपंग असावेत आणि त्यांना मोबदला मिळावा. कारण हे श्रम आहेत, कोणावरील उपकार नव्हेत. अहवाल जाहीर व्हावा आणि दोष दूर झाल्याखेरीज कंत्राटदाराचे बिल मंजूर होऊ नये.

कार्यकर्त्यांनी यासाठी सरकारची वाट पाहू नये. प्रत्येक तालुक्यात चार-पाच अपंग साथींसोबत बसून पाच सेवा तपासाव्यात, अडलेली जागा टिपावी आणि ती यादी तहसीलदारांकडे व पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे द्यावी. मात्र आरंभ स्वतःपासून करावा. आपली पत्रकेही आपण मोबाइलवरून चित्ररूपानेच पाठवतो. अंध साथीला ती वाचता येत नाहीत.

१९०२ साली शाहू महाराजांनी सरकारी नोकऱ्यांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. त्यांनी नुसता दरवाजा उघडला नाही. कारभार चालवणाऱ्यांतच त्यांना वाटा दिला. अपंगांच्या बाबतीत आपली मागणी याहून वेगळी नाही.