बटाट्याच्या पोटांतील चिठ्ठी



आंबेगांव तालुक्यांतील सातगांव पठार पावसाळी बटाट्यासाठीं प्रसिद्ध आहे. जुन्नर-आंबेगांव भागांतील शाळांत शिकवीत असतां मीं मुलांना पुष्कळदां सांगितलें कीं, बटाटा हें मूळ नसून जमिनीखालीं फुगलेलें खोड होय. परंतु 'आतां फूग' असें त्या खोडाला सांगतो कोण, असें एका शेतकऱ्याच्या मुलानें विचारलें, तेव्हां मी निरुत्तर झालों.

उत्तराचा एक धागा आज हातीं आहे. पेशींतील जनुकें आपला निरोप आरएनए नांवाच्या लांब चिठ्ठीनें धाडतात. १९९३ सालीं अमेरिकेंत व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन ह्यांनीं एका सूक्ष्म कृमींत असें दाखविलें कीं, सुमारें २२ अक्षरांची चिमुकली चिठ्ठी त्या लांब चिठ्ठीस चिकटून तो निरोप रोखते. हाच मायक्रो-आरएनए. ह्या शोधास २०२४ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

अडचण अशी कीं, लिपी चारच अक्षरांची असल्यामुळें एक चिमुकली चिठ्ठी अनेक लांब चिठ्ठ्यांशीं जुळूं शकते. हजारों चिठ्ठ्या माणसानें चाळाव्या कशा? तें काम गणकयंत्र करतें. अक्षरास अक्षर लावून त्याच्या आज्ञावली संभाव्य जोड्यांची यादी देतात. मग तीं नांवें जपानांतील 'केग' संग्रहाच्या नकाशांवर मांडतात. योगायोगानें यावीं त्याहून अधिक नांवें एकाच जीवनक्रियेच्या वाटेवर आलीं, तर ती वाट रोखली जात असावी, असा तर्क करतात.

परंतु पत्रिका जुळली म्हणजे संसार जुळलाच असें नव्हे. पुण्याच्या आयसर संस्थेंतील संशोधकांनीं बटाट्यांतील 'मिर-१५६' ह्या चिठ्ठीवरील आपलें काम २०१४ सालीं प्रसिद्ध केलें. लांब चिठ्ठ्यांचीं तुटलेलीं टोंकें तपासून त्यांनीं पांच जोड्या प्रत्यक्ष सिद्ध केल्या. दिवस लहान असतां, म्हणजे बटाटे धरण्याच्या वेळीं, जमिनीखालील आडव्या फांद्यांत ही चिठ्ठी वाढते, असेंही त्यांना आढळलें. एवढ्यावरून कोणासही वाटावें कीं, ती मुद्दाम वाढविली तर बटाटे अधिक लागतील. घडलें उलटें! झाडाची सारी ठेवण बदलली आणि उत्पन्न घटलें.

म्हणून यंत्राची यादी हा वाटेवरचा खुणेचा दगड; मुक्काम नव्हे. कर्ज काढून बेणें आणणाऱ्या शेतकऱ्याचें वर्ष नुसत्या तर्कासाठीं पणास लावतां येत नाहीं; तर्क आधीं कुंडींत उतरला पाहिजे. तो मुलगा आज भेटला तर मी इतकेंच सांगेन, "अरे, चिठ्ठी सांपडली आहे, ती पुरती वाचावयाची राहिली आहे."