राजकारणाची बाजू घेणारा प्राध्यापक



बक्षीस मिळवलेल्या सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. ज्यांनी पडद्यामागे उभं राहून वेशभूषा सांभाळली, माइक लावले, खुर्च्या मांडल्या, त्यांचं विशेष अभिनंदन. आजचं हे स्नेहसंमेलन त्यांच्याही खांद्यावर उभं आहे.

मी आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलं. पालक भेटायला आले की हमखास म्हणायचे, ‘सर, विषय शिकवा, मार्क मिळू द्या, पण पोराला राजकारणापासून लांब ठेवा.’ त्या बोलण्यामागची काळजी मला कळते. रोजची वर्तमानपत्रं वाचून ती वाटणं साहजिकही आहे. पण या काळजीला उत्तर शोधण्यात ज्यानं अख्खी हयात घालवली, अशा एका प्राध्यापकाची ओळख आज तुम्हाला करून द्यावी, असं ठरवून मी आलो आहे. त्यांचं नाव बर्नार्ड क्रिक.

क्रिक यांचा जन्म 1929 चा, इंग्लंडमधला. लंडनमध्ये शिकले, काही वर्षं अमेरिका आणि कॅनडातल्या विद्यापीठांत शिकवलं आणि परत येऊन लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अध्यापक झाले. आपले बाबासाहेब आंबेडकर जिथे शिकले, तीच ही संस्था. 1962 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं : ‘इन डिफेन्स ऑफ पॉलिटिक्स’. राजकारणाची बाजू घेणारं पुस्तक. काळ कोणता, ते लक्षात घ्या. हिटलर आणि स्टालिन यांच्या राजवटी जगानं पाहिल्या होत्या, बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली होती आणि अणुबॉम्बच्या सावलीत माणसं जगत होती. अशा वेळी हा तरुण सांगत होता की राजकारण नकोसं वाटत असेल, तर ते जिथे संपतं तिथे काय उरतं, ते आधी पाहा.

त्यांचा मुद्दा साधा आहे. कुठल्याही समाजात माणसं वेगवेगळ्या गरजांची, श्रद्धांची, हितसंबंधांची असणारच. अॅरिस्टॉटलनं आपल्या गुरूवर, प्लेटोवर, हीच टीका केली होती : राज्य म्हणजे अनेकांचा मेळ, त्याला ओढूनताणून एकजिनसी करायला गेलात तर ते राज्यच राहत नाही. क्रिक यांनी हा धागा उचलला. मग या वेगळेपणाचं करायचं काय? मार्ग दोनच. एक तर कुणीतरी बळानं सगळ्यांना गप्प करायचं. नाहीतर सगळ्यांना बोलू द्यायचं, सत्तेत वाटा द्यायचा आणि वाटाघाटी करून पुढे जायचं. या दुसऱ्या मार्गालाच क्रिक राजकारण म्हणतात. बळाच्या जोरावर चालणाऱ्या राज्यात कारभार असतो, हुकूम असतात, कटकारस्थानंही असतात. त्यांच्या अर्थानं राजकारण मात्र तिथे नसतं.

या पुस्तकाची प्रकरणं वाचताना आजही दचकायला होतं. सगळ्या प्रश्नांचं एकच उत्तर आपल्या हाती आहे असं मानणाऱ्या विचारसरणीपासून ते राजकारणाचा बचाव करतात. माणसांचे प्रश्न तज्ज्ञांनी आकडेमोड करून परस्पर सोडवावेत, या समजुतीपासून करतात. आणि लोकशाहीपासूनही करतात! पहिल्यांदा वाचताना मी थबकलो होतो. त्यांचं म्हणणं असं : बहुमताकडे आकडा आहे म्हणून अल्पमतातल्या माणसाचं बोलणंच थांबवलं, तर हात वर करून झालेला निर्णयसुद्धा राजकारणाला मारक ठरतो. मतमोजणी संपल्यावरही हरलेल्याला सभागृहात जागा हवी, बोलायला वेळ हवा आणि पुढच्या खेपेला जिंकण्याची संधी हवी.

आता तुमच्या या स्नेहसंमेलनाकडेच पाहा. नाटक कुठलं बसवायचं, कुणाला कोणती भूमिका, पैसे नेपथ्यावर जास्त खर्च करायचे की कपड्यांवर, लावणी आधी की समूहगीत आधी, यावर वाद झालेच असतील. कुणी रुसलं असेल. कुणी एक गोष्ट सोडली असेल आणि त्या बदल्यात दुसरी मिळवली असेल. शेवटी पडदा वेळेवर उघडला. क्रिक इथे असते तर म्हणाले असते की या मुलांनी चांगलं राजकारण केलं.

पण हे कसब आपोआप येत नाही, ते शिकावं लागतं, हेही त्यांनी ओळखलं होतं. 1965 मध्ये ते शेफील्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले, पुढे लंडनच्या बर्कबेक कॉलेजात गेले. दिवसभर नोकरी करून संध्याकाळी शिकणाऱ्यांसाठी हे कॉलेज प्रसिद्ध आहे. विद्यापीठात एवढं मोठं नाव असूनही त्यांचं लक्ष शाळेकडे होतं. राज्यशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांची संघटना 1969 मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच होते. इंग्लंडमधल्या शाळांत तोवर नागरिकशास्त्र हा सक्तीचा विषयच नव्हता.

शेफील्डमध्ये त्यांच्या वर्गात एक जन्मांध विद्यार्थी होता, डेव्हिड ब्लंकेट. गरीब घरातला. शिकत असतानाच, 22 व्या वर्षी, तो शेफील्डचा नगरसेवक झाला. 1997 मध्ये तोच देशाचा शिक्षणमंत्री झाला आणि त्यानं आपल्या जुन्या गुरुजींना बोलावून सांगितलं : शाळेत नागरिकत्व कसं शिकवायचं, ते तुम्ही ठरवून द्या. शिक्षकवृंदहो, याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती!

त्यासाठी क्रिक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 1998 मध्ये तिचा अहवाल आला. त्यात तीन गोष्टी होत्या. पहिली, वर्गात आणि वर्गाबाहेर जबाबदारीनं वागणं. दुसरी, आपल्या वस्तीच्या, गावाच्या कामात प्रत्यक्ष भाग घेणं. तिसरी, राजकीय साक्षरता : निर्णय कुठे होतात, कोण घेतं, ते बदलायचे कसे, याची जाण. वादग्रस्त विषय वर्गात टाळू नका, असं अहवालानं स्पष्ट सांगितलं आणि ते कसे हाताळायचे याची वाटही दाखवली. शिक्षकानं कधी तटस्थ अध्यक्षासारखं चर्चा चालवावी, कधी सगळ्या बाजू समोर मांडाव्यात, तर कधी आपलं मत उघड सांगून मुलांना त्याविरुद्ध बोलू द्यावं. 2002 पासून इंग्लंडमधल्या माध्यमिक शाळांत नागरिकत्व हा विषय सक्तीचा झाला.

त्याच सुमारास बाहेरून येऊन ब्रिटिश नागरिक होऊ पाहणाऱ्यांनी काय शिकावं, हे ठरवणाऱ्या समितीचं कामही क्रिक यांच्याकडे आलं. त्यातून पुढे परीक्षा सुरू झाली. आज लंडनमध्ये स्थायिक होऊन तिथलं नागरिकत्व घेणारा मराठी तरुणही ती परीक्षा देतो.

क्रिक यांचं आणखी एक मोठं काम म्हणजे 1980 मध्ये आलेलं लेखक जॉर्ज ऑर्वेलचं चरित्र. ऑर्वेलचा जन्म आपल्याकडचा, चंपारणमधल्या मोतिहारीचा, 1903 चा. ऑर्वेलवर क्रिक यांचं निस्सीम प्रेम. तरीही ऑर्वेलनं स्वतःविषयी लिहिलेलं त्यांनी डोळे झाकून स्वीकारलं नाही. प्रत्येक प्रसंगाला पुरावा शोधला, जिथे सापडला नाही तिथे तसं लिहिलं. ऑर्वेलच्या पत्नीला ते चरित्र रुचलं नाही, तरी क्रिक मागे हटले नाहीत. आपल्या आवडत्या माणसालाही प्रश्न विचारता आला पाहिजे, हे त्यांनी करून दाखवलं. राजकीय लेखन साध्या, नितळ भाषेत व्हावं म्हणून ऑर्वेलच्या नावानं पुरस्कारही त्यांनीच सुरू केला. 2008 मध्ये एडिंबरोत त्यांचं निधन झालं.

मित्रांनो, तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. शाळेत मंत्रिमंडळ असेल, तर त्यात हरलेल्या उमेदवाराला पहिल्या बैठकीला बोलवा आणि त्याचं म्हणणं इतिवृत्तात लिहा. सुट्टीत गावी गेलात की एका तरी ग्रामसभेला जाऊन बसा, कुठल्या कामाला किती पैसे आले ते ऐका, न कळलेलं विचारा. आणि बारावीतल्या मुलामुलींनो, आपल्या देशानं 1989 मध्ये मतदानाचं वय 21 वरून 18 वर आणलं, ते तुमच्यावर विश्वास ठेवून. सतरा पूर्ण झाल्यावर मतदार नोंदणीचा नमुना 6 आगाऊ भरता येतो. तो भरा.

पालकहो, मुलांना राजकारणापासून लांब ठेवलंत, तरी त्यांच्या पाण्याचे, रस्त्याचे, फीचे, नोकरीचे निर्णय होतच राहतील. ते निर्णय आपली मुलं खोलीबाहेर उभी असताना व्हावेत, असं आपल्यापैकी कुणालाच वाटत नाही. म्हणून त्यांना वाद घालू द्या, समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायला शिकवा आणि पटलं तर मत बदलण्याचं धाडस त्यांच्या अंगी येऊ द्या. चांगली माणसं राजकारणात यावीत असं आपण सगळेच म्हणतो. ती माणसं इथे, या मांडवात बसली आहेत.