यादीतले आठवे नाव



फसलेल्या बंडांचा इतिहास आपण बहुधा त्यांच्या नायकांवरून वाचतो. आज मी एका हेडवेटरविषयी बोलणार आहे. त्याचे नाव कार्ल कून.

८ नोव्हेंबर १९२३ च्या रात्री म्यूनिचमधील एका बिअरच्या सभागृहात हिटलरने छताकडे पिस्तूल झाडून ‘राष्ट्रीय क्रांती’ झाल्याचे जाहीर केले. ही क्रांती त्या रात्री कोठे कोठे पोहोचली? ‘म्युंशनर पोस्ट’ या समाजवादी दैनिकाच्या कचेरीत पोहोचली आणि तिची मोडतोड झाली. उजाडल्यावर महापौर व समाजवादी नगरसेवक ओलीस धरले गेले. दुपारी सुमारे दोन हजारांचा मोर्चा ओडिऑन चौकाकडे निघाला. पोलिसांनी तो अडविला. गोळीबार मिनिटभरदेखील चालला नसेल. हिटलरच्या हातात हात गुंफून चालणारा शॉयब्नर-रिश्टर ठार झाला. हिटलरचा खांदा निखळला, आणि अनुयायी रस्त्यावर पडलेले असताना तो मोटारीतून पसार झाला.

मृतांत कून होता. जवळच्या उपाहारगृहात तो नोकरीस होता. इतिहासकार त्याला मोर्चेकरी मानीत नाहीत. गलबला ऐकून बाहेर आलेला एक बघ्या, एवढाच त्याचा त्या बंडाशी संबंध. पण १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माइन काम्फ’च्या अर्पणपत्रिकेत सोळा नावे आहेत आणि त्या वर्णानुक्रमात आठवे नाव त्याचे आहे. पुढे धंदाही दिला आहे : हेडवेटर. 

उरलेल्या पंधरांचे धंदे वाचण्यासारखे आहेत. टोप्या बनविणारा, कुलपांचे काम करणारा, बँकेतील नोकर, अवघ्या एकोणीस वर्षांचा विद्यार्थी; आणि एक न्यायाधीशही, ज्याच्या खिशात नव्या राजवटीच्या घटनेचा मसुदा सापडला! न्यायाधीशाचे मला नवल वाटत नाही. पण मार्कचा कागद झालेल्या त्या काळात टोपीवाला आणि कुलूपवाला आपल्या मोर्चात न येता त्या मोर्चात का गेले, हा प्रश्न समाजवाद्यांनी ‘ते भुलले’ एवढ्यावर सोडून देऊ नये. कूनचा प्रश्न निराळा. तो गेलाच नव्हता. त्याला नेण्यात आले, तेही मेल्यावर.

पोलिसांचेही चार जण पडले : फिंक, होलवेग, शोबर्ट आणि श्राउट. १ एप्रिल १९२४ च्या निकालात न्यायालयाने त्यांचा उल्लेखसुद्धा केला नाही. ‘पोस्ट’च्या मोडतोडीकडेही दुर्लक्षच झाले. हिटलरला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच डिसेंबरात तो सुटला. ज्या राज्यासाठी हे चौघे मेले, त्या राज्याच्या न्यायासनाला त्यांची नावे घ्यावीशी वाटली नाहीत. जो बंडात नव्हता त्याचे नाव मात्र बंडखोरांनी जपले. मेलेल्या माणसाला नकार देता येत नाही, हे त्यांनी नेमके हेरले होते.

सत्ता हाती आल्यावर त्या जागी स्मारक उभे राहिले व पहारा बसला. येणाऱ्या-जाणाऱ्याने हात उंचावून सलाम करावयाचा. ज्यांना तो करावयाचा नसे, ते आधीच व्हिस्कार्डी गल्लीत वळत. लोकांनी तिला ‘कामचुकारांची गल्ली’ असे नाव ठेविले. त्या नावात थट्टा आहे, पण त्या दिवसांत तेवढे वळण घेणे हेही काही थोडे नव्हते.

नोव्हेंबर १९३५ मध्ये सोळाही शव उकरून काढण्यात आले आणि क्योनिग्सप्लाट्स येथील दोन ‘मंदिरां’त आठ-आठ शवपेट्या ठेवण्यात आल्या. एकेक नाव पुकारले जाई आणि जमाव एकमुखाने उत्तर देई, “हजर!” ग्राहकाने हाक मारली की “आलो” म्हणण्यात ज्याचा जन्म गेला, त्या कूनच्या वतीने शेवटची हजेरी अशी दुसऱ्यांनीच दिली.

१९४५ मध्ये शवपेट्या हलविण्यात आल्या. जानेवारी १९४७ मध्ये मंदिरे सुरुंगाने उडविली गेली. त्यांची जोती अजून तेथे आहेत, त्यांवर झुडपे वाढली आहेत. त्या चार पोलिसांच्या नावाची पाटी ओडिऑन चौकात बसली, ती १९९४ साली.