मधली शांतता

माझ्या घोरण्यावर घरात विनोद व्हायचे. पत्नीला मात्र मध्येच पडणाऱ्या शांततेची भीती वाटे. रमजानात सहरीला उठली की माझा अडलेला श्वास परत येईपर्यंत ती उशाशी थांबे. मी हसण्यावारी नेलं. मग एके दुपारी कामोठ्याला परतताना शीव-पनवेल महामार्गावर स्कूटरवरच डुलकी लागली. थोडक्यात वाचलो.

रात्रभराच्या निद्राचाचणीत कळलं, तासाला १८ वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो. ५ ते १५ सौम्य, ३० पर्यंत मध्यम, पुढे तीव्र. मास्कमधून हवा देणारं सीपॅप यंत्र जास्त परिणामकारक. तीव्र आजारात पहिलं तेच. मला ते सोसेना. तेव्हा दंतवैद्यांनी माप घेऊन दोन्ही दंतपंक्तींवर बसणारं साधन केलं. त्यानं खालचा जबडा पुढे राहतो, जीभ मागे पडत नाही, श्वासाची वाट मोकळी राहते. सुरुवातीला लाळ सुटली, जबडा दुखला. दातांची ठेवण बदलू शकते, म्हणून तपासणी चुकवत नाही.

घोरणं थांबलं, तरी डॉक्टरांनी साधन लावून पुन्हा चाचणी करायला लावली. आकडा ६ वर आला होता. आवाज बंद होऊनही श्वास अडत राहू शकतो. म्हणून बाजारातलं तयार साधन परस्पर लावू नका.

कवितेच्या ओळीत यती शोभतो, श्वासात नाही. शेजारी झोपणारं माणूस काही सांगत असेल, तर ऐका.